नोकरी, अभ्यास आणि व्यायामाला उरलेली मिनिटं: बसवायचं कसं?

काठावरपास

सोमवार ते शुक्रवार ९ ते ६ नोकरी, जवळजवळ सगळी बसून. जायला-यायला मिळून दोन तास. रात्री ८.३० ते १०.३० परीक्षेचा अभ्यास, झोप ११ ते ६. शनिवारी दुपारपर्यंत क्लास, रविवार बराचसा मोकळा. घरात सामान म्हणाल तर एक चटई, एक लांब रेझिस्टन्स बँड (ओढून ताणायचा रबरी पट्टा) आणि पुस्तकांनी भरता येईल अशी सॅक. जिम जाण्यायेण्यासकट दीड तास खाते, म्हणून ती बाद.

प्रश्न असे: आठवड्याला कमीत कमी किती व्यायाम पुरतो? सकाळी करावा की रात्री? पाच-दहा मिनिटांचे तुकडे जमेस धरायचे का? आणि वेळ एवढाच असेल तर चालण्याला द्यावा की ताकदीच्या व्यायामाला? "इच्छा असेल तर वेळ मिळतो" हे उत्तर सोडून काहीही चालेल.

मोजपट्टी

आधी आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा. शिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम. दोन्ही प्रकार मिसळलेले चालतात. जोरकसचं १ मिनिट म्हणजे ढोबळमानाने मध्यमची २ मिनिटं. तुकड्यांचं उत्तरही तिथेच आहे. आधीच्या, २०१० च्या सूचनांमध्ये सलग १० मिनिटांपेक्षा छोटा तुकडा धरत नसत. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. चार मिनिटं जिने चढलात तर ती चार मिनिटं जमा.

मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही. जोरकस म्हणजे चार शब्द बोलले की श्वास घ्यावा लागतो. मनगटावरच्या घड्याळातल्या नाडीपेक्षा ही खूण बरी, कारण "२२० वजा वय" या सूत्रात १०-१२ ठोके इकडेतिकडे सहज होतात.

तुमच्याकडे दोन तासांचा प्रवास आहे. त्यातली जाताना १५ आणि येताना १५ मिनिटं भरभर चालण्यात घातली, म्हणजे एक-दोन थांबे आधी उतरलात किंवा गाडी लांब लावलीत, तर पाच दिवसांत १५० मिनिटं भरली. वेगळा वेळ काढावा लागला नाही. भरभर म्हणजे मिनिटाला साधारण १०० पावलं: १५ सेकंदांत २५ पावलं भरतात का बघा. फोन बघत चालणाऱ्यांची २५ कधीच भरत नाहीत.

(अवांतर: १०,००० पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय सूचनेतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राचं नावच "दहा हजार पावलांचा मापक" अशा अर्थाचं होतं. तेवढी भरली नाहीत म्हणून दिवस वाया गेला असं समजू नका.)

आणि गळती शोधा. २५ मिनिटांच्या व्यायामाला ५० मिनिटं लागतात ती व्यायामामुळे नाही. कपडे शोधणं, आज काय करायचं ते ठरवणं, दोन सेटच्या (एका दमात केलेल्या खेपांच्या) मध्ये फोन, मग घाम सुकेपर्यंत बसणं आणि अंघोळ. यातलं ठरवणं सगळ्यात महाग. क्रम, सेट, आकडे कागदावर लिहून भिंतीला लावा आणि सहा आठवडे तोच कागद ठेवा. रोज नवा व्हिडिओ निवडणाऱ्यांची दहा मिनिटं निवडण्यातच जातात, शिवाय आपण पुढे सरकलो का हे कळायला काही मार्ग राहत नाही.

उलटा गजर

सकाळ की रात्र यावर लोक उगाच भांडतात. ताकद दुपारनंतर किंचित जास्त भरते हे खरं, पण आपल्यासारख्यांना त्याने काही फरक पडत नाही. विचारायचं ते हे की कुठली वेळ कमी वेळा मोडेल. सकाळी ६ ला तुमच्याकडे कोणी काही मागत नाही, हा सकाळचा मोठा गुण. पण ५.३० चा गजर लावायचा तर ११ ची झोप १०.३० वर आलीच पाहिजे. नाहीतर पाच दिवसांत अडीच तास झोप कापली जाते, आणि तिसऱ्या आठवड्यात अभ्यास आणि व्यायाम दोन्ही गडगडतात.

रात्री अभ्यासानंतर, म्हणजे १०.३० ला, दम लागणारा व्यायाम नको. असा व्यायाम झोपेच्या निदान तासभर आधी संपलेला असावा. नाहीतर नाडी आणि शरीराचं तापमान चढलेलं राहून झोप लांबते. हलकं ताणणं किंवा संथ चालणं त्या वेळी खुशाल करा.

तुमच्या वेळापत्रकात खरी फट आहे ती नोकरी आणि अभ्यास यांच्या मधली. घरी ७ ला पोचत असाल तर ७.१५ ते ७.४०, मग अंघोळ, जेवण, ८.३० ला अभ्यास. व्यायामानंतर काही वेळ लक्ष थोडं बरं लागतं, तोही फायदा पदरात. यात तीन गोष्टी बिघडतात:

भूक. दुपारच्या जेवणाला सहा तास झाले असतील तर तिसऱ्या सेटला हातपाय गळतात. ऑफिसमधून निघण्याआधी, म्हणजे व्यायामाच्या साधारण तासभर आधी, काहीतरी हलकं खा. उलट पोटभर जेवून लगेच व्यायाम केलात तर मळमळेल; त्याला दोन-तीन तास जाऊ द्यावे लागतात.

कॉफी. तरतरीसाठी ६.३० ला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनी, म्हणजे ११.३० लाही अंगात असतं. दुपारी २ नंतर बंद.

टेकणं. घरी आल्यावर "पाच मिनिटं" बसलं की संपलं. म्हणून वेळ घड्याळाला न बांधता कृतीला बांधा: बूट काढले की चटई अंथरायची, मधे काही नाही. आणि उशीर झाला तर काय, हेही आधीच लिहून ठेवा: "७.३० नंतर पोचलो तर कागदावरचे फक्त पहिले दोन व्यायाम, ८ मिनिटं." ही पळवाट आधी ठरवलेली नसेल तर उशिराच्या दिवशी शून्य होतं.

२१ दिवसांत सवय लागते म्हणतात, त्यावर जाऊ नका. लंडनमधल्या एका अभ्यासात (२००९) कृती आपोआप होऊ लागायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक पल्ला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. मधला एखादा दिवस चुकल्याने मात्र विशेष बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.

तिसरा सेट

वरच्या दोघांशी सहमत, पण एक धोका सांगतो. चालण्याचे १५० भरले की काम झालंसं वाटतं आणि ताकदीचे दोन दिवस गळतात. दिवसभर बसणाऱ्याने आधी ते दोन दिवस पक्के करावेत. चालणं प्रवासात होऊन जातं, ताकद अशी येताजाता होत नाही.

तुमच्या सामानात बसणारं २२-२५ मिनिटांचं सत्र, सोमवार आणि गुरुवार. मधे निदान ४८ तास हवेत.

पहिली ३ मिनिटं अंग गरम करायला: जागेवर भरभर चालणं, खांदे फिरवणं, १० सावकाश स्क्वॉट (उठाबशा), भिंतीवर ८ पुश-अप. उभं राहून एकेक स्नायू मिनिटभर ताणण्याची इथे गरज नाही.

जोडी अ: पुश-अप, मग बँड पाठीकडे ओढणं. जोडी ब: एक पाय पुढे घेऊन स्प्लिट स्क्वॉट, मग सॅक हातात धरून कमरेतून वाकणं (रोमानियन डेडलिफ्ट). प्रत्येक जोडीच्या तीन फेऱ्या. एक व्यायाम झाला की १५ सेकंदांत दुसरा, मग ६० सेकंद थांबा. एक स्नायू दमलेला असताना दुसरा काम करतो म्हणून थांबण्याचा वेळ निम्म्यावर येतो. एका फेरीला अडीच मिनिटं, एका जोडीला ८ मिनिटं. शेवटी प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ धरून ठेवणं) दोनदा, ३०-४० सेकंद.

पुश-अपची पायरी आकड्यांवरून ठरवा. जमिनीवरच्या नेहमीच्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाच्या साधारण ६४ टक्के भार येतो, गुडघे टेकले तर ४९ टक्के, हात ६० सेंमी उंचीवर ठेवले तर ४१ टक्के, आणि पाय ६० सेंमी उंच ठेवले तर ७४ टक्के. ६० किलोच्या माणसाला म्हणजे जमिनीवर ३८ किलो आणि हात उंचावर ठेवून २५ किलोच्या आसपास. सुरुवात उंचावरून करा. गुडघे टेकण्यापेक्षा हे बरं, कारण अंग सरळ ठेवायची सवय पहिल्यापासून लागते. फक्त टेबल किंवा खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, नाहीतर ती सरकते आणि तोंड आपटतं.

सेट कधी थांबवायचा? अजून दोन नीट जमले असते असं वाटेल तिथे. ८ जमत नसतील तर सोपी पायरी घ्या. तिन्ही फेऱ्यांत १५ जमले की अवघड पायरी, आकडा परत ८ वर. हे लिहून ठेवलं नाही तर तीन महिन्यांनीही तुम्ही तेच १० करत असाल.

आता काय बिघडतं ते:

पुश-अपमध्ये कोपरं खांद्याच्या रेषेत बाहेर फाकली की खांद्याचा पुढचा भाग दुखू लागतो. कोपर आणि धड यांत ४५ अंशांच्या आसपास ठेवा. पोट खाली लोंबलं की कंबर धरते. नितंब आवळले की ते आपोआप सावरतं. मनगट दुखत असेल तर मुठीवर करा.

बँड दाराला अडकवणार असाल तर दार तुमच्या विरुद्ध दिशेला उघडणारं हवं, म्हणजे ओढल्यावर ते चौकटीवर दाबलं जाईल. उलटं असेल तर एक दिवस दार उघडून बँड तोंडावर येणार. त्यापेक्षा पाय पसरून बसा, बँड तळव्यांना अडकवा आणि कोपरं मागे न्या. बूट घालूनच, मोज्यांवरून बँड निसटतो. दर वेळी बँडवर चिरा पडल्यात का बघा. चीर दिसली की फेकून द्या.

स्प्लिट स्क्वॉटमध्ये पुढची टाच उचलली जाते किंवा गुडघा आत कलतो. पाऊल थोडं पुढे घ्या, गुडघा पायाच्या मधल्या बोटाच्या रोखाने ठेवा. गुडघा बोटांच्या किंचित पुढे गेला तर ती चूक नाही. तोल जात असेल तर एक हात भिंतीला.

सॅकमधली पुस्तकं हलली की वजन एका बाजूला झुकतं. मोकळ्या जागेत टॉवेल कोंबा. पाण्याच्या बाटल्या त्याहून सोयीच्या: १ लिटर म्हणजे १ किलो, त्यामुळे वाढवलेलं वजन नेमकं कळतं. वाकताना ढुंगण मागे ढकला, सॅक मांड्यांना घासत खाली न्या, पाठीला बाक येऊ लागेल तिथे थांबा. जमिनीला टेकवायची अट नाही.

पहिल्या आठवड्यात तीन नाही, एकच फेरी करा. नव्या व्यायामाचं अंग दुखणं एक ते तीन दिवसांत कळसाला जातं, आणि बुधवारी जिना उतरता येईना की गुरुवार बुडतो. दुखणं हे व्यायाम चांगला झाल्याचं माप नाही. मात्र अंग भयंकर दुखून सुजलंय आणि लघवी गडद तपकिरी होतेय असं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

काठावरपास

सगळ्यांचे आभार. सोमवार-गुरुवार ७.१५ ठरवलं, कागद भिंतीला लावला. अजून तीन शंका. परीक्षेआधीच्या चार आठवड्यांत हेही जमणार नाही, तेव्हा पूर्ण बंद केलं तर किती मागे जाणार? ती चार मिनिटांची टबाटा पद्धत त्या काळात चालेल का? आणि रविवारी धावावं म्हणतोय, त्याची सुरुवात कशी?

मोजपट्टी

पूर्ण बंद करू नका, कारण ताकद कमवायला जेवढं लागतं त्यापेक्षा टिकवायला फारच कमी पुरतं. नेहमीच्या कामाच्या तिसऱ्या हिश्श्यावर ताकद कित्येक आठवडे टिकते, पण अवघडपणा कमी करायचा नाही. म्हणजे सेट कमी, पायरी तीच. तुमच्या बाबतीत आठवड्यातून दोनदा, प्रत्येक व्यायामाचा एकच जोरदार सेट: अंग गरम करण्यासकट ९-१० मिनिटं. लोक नेमकं उलटं करतात, तीन फेऱ्या ठेवतात आणि हलक्या करतात. वेळही जातो, ताकदही. दमाचंही तसंच आहे: दिवस आणि मिनिटं कमी केली तरी टिकतो, वेग कमी केला की उतरतो.

परीक्षा हाताने लिहायची असेल तर आदल्या दोन दिवसांत सॅक उचलणं आणि बँड ओढणं बंद. पंजा आणि दंड दुखत असताना तीन तास लिहिणं म्हणजे शिक्षा. नवा व्यायाम त्या आठवड्यात तर अजिबात नको. अभ्यासात दर अर्ध्या-पाऊण तासाला उठून दोन-तीन मिनिटं चाला. पाठ झालेलं मनात घोळवायला ती मिनिटं उत्तम, नवं समजून घ्यायला निरुपयोगी.

टबाटाबद्दल: इझुमी टबाटा यांच्या १९९६ च्या मूळ प्रयोगात २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, अशा ७-८ फेऱ्या होत्या हे खरं. पण त्या प्रयोगशाळेतल्या सायकलवर, कमाल ऑक्सिजन क्षमतेच्या सुमारे १७० टक्के जोराने, माणूस पुरता गळेपर्यंत, आणि आधी १० मिनिटं अंग गरम करून. म्हणजे चारची चौदा झाली, वर दम परत यायला लागतो तो वेळ वेगळा. घरात २० सेकंद उड्या मारल्याने तो जोर येत नाही. वाईट काही नाही त्यात, पण चार मिनिटांत सगळं आटोपलं असं समजू नका. तेवढ्याच वेळात ऑफिसचे जिने दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी मिनिटभर, न थांबता भरभर चढा. उतरताना कठड्याला हात ठेवा. पाय घसरतो तो उतरतानाच.

उलटा गजर

आजारपणाचा नियम परीक्षेच्या काळात हमखास लागतो, म्हणून सांगून ठेवतो. नुसतं नाक वाहतंय तर हलका व्यायाम चालतो. ताप, छातीत कफ किंवा सगळं अंग मोडून आलेलं असेल तर काहीही नको, आणि ताप गेल्यावरही पहिलं सत्र निम्मं.

पाळीपाळीने

धागा वाचणाऱ्यांत शिफ्टवाले असतील, त्यांच्यासाठी. तुमचं घड्याळ "सकाळ-संध्याकाळ" नाही, "उठल्यापासून किती तास" हे आहे. रात्रपाळीत व्यायाम झोपून उठल्यावर, कामावर जाण्याआधी. पाळी सुटल्यावर जोरकस व्यायाम केला की झोप उडते, आणि दिवसाची झोप आधीच तुटपुंजी असते. पाळी बदलते त्या दिवशी फक्त चाला. आठवड्याचं गणित सोडून पाळीचं चक्र धरा: चक्र ८ दिवसांचं असेल तर त्या ८ दिवसांत दोन सत्रं कुठे बसतात ते पाळीचा तक्ता हातात आला की लगेच लिहून टाका.

तिसरा सेट

धावण्याबद्दल. पहिल्या रविवारी १ मिनिट संथ धावणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा. आधी आणि नंतर ५ मिनिटं चालणं, एकूण ३४. दोन रविवार नीट गेले की २ मिनिटं धावणं आणि २ चालणं, ६ वेळा. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग जास्त आहे.

अडचण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. हृदय आणि फुप्फुसं लवकर सरावतात, हाडं आणि स्नायुबंध मागाहून. दम लागेनासा होतो, माणूस एकदम ५ किलोमीटर धावतो आणि नडगीची आतली कड दुखायला लागते. दुखणं लांब पट्टीत पसरलेलं असेल तर धावणं थांबवून दोन आठवडे चाला, मग आधीच्या टप्प्यापासून सुरू करा. बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल आणि रात्री किंवा बसल्या जागीही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. डॉक्टरांनी बघेपर्यंत धावायचं नाही.

रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास यांपैकी काही असेल, किंवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, तर यातलं काहीही सुरू करण्याआधी तपासणी.

काठावरपास

सॅक किती किलोपासून सुरू करू?

तिसरा सेट

वाकण्याला ५ किलो. तिन्ही फेऱ्यांत १५ झाले की एक लिटरची बाटली वाढवा. १२ किलोंच्या पुढे सॅकचे पट्टे शिवणीत उसवतात, तेव्हा वजन न वाढवता एका पायावर करायला लागा. स्प्लिट स्क्वॉट आधी रिकाम्या हातांनी, दोन्ही पायांवर १२-१२ होईपर्यंत.